आफ्रिकेची वारी आणि पिवळे कार्ड

नैरोबी, कंपाला, लागोस येथे कापड, मसाले किंवा यंत्रांचे सुटे भाग घेऊन जाणारे आपले व्यापारी बांधव तिकिटाची व व्हिसाची चौकशी महिनाभर आधी करतात. पीतज्वराच्या लसीची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते. फसगत होते ती येथेच. लस टोचल्याचे पिवळे कार्ड टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होते. त्याआधीची तारीख विमानतळावर चालत नाही.

ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ती मिळते. मूळ पासपोर्ट सोबत हवा. सरकारी फी 300 रुपयांच्या आसपास असते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस सरकार मोफत देते, मग व्यापाऱ्याकडून पैसे का, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास आपल्या गल्लीबोळांत आहे. म्हणजे लस टोचून घेणारा स्वतःबरोबर शेजाऱ्यांनाही वाचवतो.

तरीही आमची तक्रार फीबद्दल नाही, खोळंब्याबद्दल आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा तयार केली की 6 तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. म्हणून केंद्रांचे वार आणि माणसांची संख्या ठरलेली असते. मालेगाव-इचलकरंजीहून आलेल्या कारागिराला "बुधवारी या" असे उत्तर मिळाले की प्रवासभाडे, लॉजचा खर्च आणि बुडालेला रोज मिळून फीच्या कितीतरी पट रक्कम जाते. अशा वेळी एजंट सुई न टोचताच कार्ड मिळवून देण्याची भाषा करतो. त्या फंदात पडू नये. वैध कार्डाशिवाय त्या देशांतून परतणाऱ्याला आपल्याच विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. यंत्रमागाच्या गावांतील सरकारी रुग्णालयात नावे आधी नोंदवून महिन्यातून एक दिवस ठरवला, तर कुपीही वाया जाणार नाही.

जुने कार्ड असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे. कार्डावर 10 वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालते. मुदत संपली म्हणून कोणी पुन्हा पैसे मागितले तर देऊ नयेत. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी व साठी ओलांडलेल्यांनी केंद्रातील डॉक्टरांना आधी सांगावे. लस देता येत नसेल तर ते तसे लेखी देतात.