आमच्यामागे त्याचे कोण?

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना दिवसभरात अनेक प्रश्न पडतात. रात्री मात्र एकच उरतो, तो म्हणजे आपल्या पश्चात या मुलाचे कोण? व्यापारी कुटुंबांत पेढी पुढे कोणी चालवायची, उधारी कोणी वसूल करायची, गोदाम कोणाच्या नावे ठेवायचे, हे सारे वेळीच ठरते. या मुलाच्या बाबतीत मात्र ‘थोरला भाऊ बघेल’ एवढ्यावर विषय थांबतो. थोरल्या भावाची माया खरी असते. परंतु बँकेत किंवा निबंधक कार्यालयात तो उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे अधिकाराचा कागद मागितला जातो.

या तयारीची पहिली पायरी म्हणजे निदान न लपविणे. घरात लग्नाची मुलगी आहे, चारचौघांत बोभाटा नको, या विचाराने अनेक कुटुंबे मौल्यवान वर्षे गमावतात. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अशी जन्मभराची अवस्था आहे. आईच्या दुर्लक्षामुळे किंवा लसीमुळे ती उद्भवत नाही. नावाने हाक मारूनही मूल वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, बोलणे लांबले असेल किंवा एकच क्रिया पुन:पुन्हा करीत असेल, तर ‘मोठे झाल्यावर बोलेल’ असे म्हणत न थांबता बालविकासतज्ज्ञांकडे जावे. उपचार आणि प्रशिक्षण जितके लवकर सुरू होतील, तितका मुलाचा लाभ अधिक.

निदानानंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. त्यासाठी भारतात ‘इसा’ ही ४० बाबींची मापनश्रेणी वापरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत पूर्वतपासणीशिवाय एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्या पालकांना दिव्यांग आश्रिताच्या सांभाळासाठी ७५ हजार, तर दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. हे सर्व लाभ त्या एका प्रमाणपत्रावर अवलंबून आहेत.

शिक्षक आणि पालक यांनी परस्परांशी मेळ ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. पाणी मागण्यासाठी शाळेत एक चित्र आणि घरी दुसरी खूण असेल, तर मूल गोंधळते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. त्यात बदल होणार असेल, तर आधी सांगावे. लग्नातील बँड, सणातील गर्दी, ध्वनिवर्धक यांचा त्रास होणाऱ्या मुलाला हट्टी ठरवू नये. त्याला थोडा वेळच न्यावे आणि शांत जागा आधी पाहून ठेवावी. वाढत्या वयात दुकानातील वजन करणे, पाकिटे भरणे, लेबले लावणे ही कामे टप्प्याटप्प्याने शिकवावीत. ठरलेल्या पद्धतीचे काम अशी अनेक मुले मनापासून आणि अचूक करतात.

खरा पेच अठराव्या वाढदिवसानंतर येतो. मूल सज्ञान झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात उपाय आहे. जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समितीकडे आईवडील किंवा नातेवाईक कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. प्रत्येक स्वमग्न प्रौढाला अशा पालकाची गरज असतेच असे नाही. समिती तिचा विचार करूनच नियुक्ती करते. या समितीचे प्रमाणपत्र बँकेत खाते उघडण्यास व चालविण्यास ग्राह्य धरले जाते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. हेळसांड झाल्यास त्याला दूरही करता येते.

वारसाहक्काबाबतही गैरसमज मोठा आहे. जैन कुटुंबांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ नुसार रोग किंवा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर स्वमग्न मुलाचा वा मुलीचा वाटा इतर भावंडांइतकाच असतो. मात्र ज्याला व्यवहाराचा अर्थ कळत नाही, त्याची हक्कसोडपत्रावरील सही कायद्यापुढे टिकत नाही. मग घर विकता येत नाही, ठेवी अडकतात आणि त्याचा दोष त्या निष्पाप जिवाला लागतो. ठेवीवर भावाचे नाव नामनिर्देशित केल्यानेही प्रश्न सुटत नाही; नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, तिची मालक होत नाही.

म्हणून मृत्युपत्र करावेच. शक्य असल्यास १८८२ च्या कायद्यानुसार मुलासाठी खासगी न्यास स्थापून त्यात ठरावीक रक्कम किंवा भाड्याची मिळकत ठेवावी. एकट्या भावावर भार न टाकता किमान दोन विश्वस्त असावेत. त्यांतील एक वयाने लहान असावा. वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्या सल्ल्याने मसुदा करावा. भावंडांनाही, विवाह ठरण्यापूर्वीच, सर्व मोकळेपणाने सांगावे. पैशाची सोय झालेली असेल, तर सांभाळण्याचे ओझे हलके होते आणि नात्यात कडवटपणा येत नाही.

याच कागदांसोबत एक साधी वही ठेवावी. मूल काय खाते, कोणत्या आवाजाला घाबरते, पोट दुखते तेव्हा काय करते, कोणते औषध चालू आहे, झोपताना उशाशी काय लागते, हे सारे आईने त्यात लिहावे आणि दरवर्षी दुरुस्त करावे. ही माहिती बहुधा एकट्या आईपाशीच असते. येत्या दिवाळीत दुकानाच्या वह्या बदलतील, त्याच दिवशी हीही वही सुरू व्हावी आणि मूल सोळा-सतरा वर्षांचे असेल, तर पालकत्वाच्या अर्जासाठी लागणारे कागद जमविण्यास प्रारंभ व्हावा.