आंतरराष्ट्रीय करार आणि मजुराचा दाखला

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागोमाग गृहसंकुले उभी राहिली. ती उभारणारा बांधकाम मजूर मात्र अजून मजूर अड्ड्यावरच उभा आहे. त्याच्यासाठी कायदा झाला नाही, असे नव्हे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसविला; त्याचा दर एक टक्का ठरला. त्यातून मजुरांच्या आजारपणास, बाळंतपणास, मुलांच्या शिक्षणास साहाय्य द्यावयाचे होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद सामावून घेण्यात आली. पैशाचीही वाण नव्हती. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले, पण खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात केली.

पैसा पडून राहणे म्हणजेच भ्रष्टाचार, असे म्हणता येणार नाही. परंतु भ्रष्टाचाराचे पीक अशाच जमिनीत येते. नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. दर आठवड्याला मुकादम बदलणाऱ्या मजुराने तो आणावा कोठून? कचेरीत खेपा घालाव्यात, तर रोजंदारी बुडते. मग दलालाच्या हातावर ठेवलेली रक्कमच त्याला स्वस्त वाटू लागते. कोणत्याही विधिमंडळाने मंजूर न केलेला हा कर असून तो सर्वांत गरिबाकडून वसूल होतो.

याचा आंतरराष्ट्रीय कायद्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २००३ मध्ये संमत झाला आणि २०११ मध्ये भारताने त्याचे अनुसमर्थन केले. लाचखोरी हा गुन्हा ठरवून तो करार थांबत नाही. त्याचे दहावे कलम पारदर्शक कारभाराची अपेक्षा करते व त्यासाठी कार्यपद्धती सुलभ करण्याचा मार्ग सुचविते. तेराव्या कलमात नागरिकांचा सहभाग आहे. तेहेतिसावे कलम तक्रारदाराच्या संरक्षणाचे. पण तेथे भाषा केवळ ‘विचार करावा’ एवढीच आहे. या मवाळपणाची किंमत काय असते, हे याच पट्ट्यातील तळेगाव दाभाडे जाणते. माहितीच्या अधिकारातून जमीन व्यवहार उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तेथे हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला खरा. परंतु त्यानंतरही वर्षानुवर्षे तो अंमलात आला नाही.

जेथे तक्रार करणाऱ्या सुशिक्षितालाही अभय नाही, तेथे निरक्षर मजुराने तक्रार करावी ही अपेक्षाच अन्यायाची होय. म्हणून त्याला तक्रारीची गरजच पडू नये, अशी व्यवस्था हवी. बांधकामाच्या परवानगीशी उपकराची वसुली जोडता येते. मग त्याच परवानगीशी मजुरांचा हजेरीपट का जोडता येऊ नये? नव्वद दिवसांचा पुरावा देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकावी, मजुरावर नव्हे. अर्ज किती आले, किती दिवसांत निकाली निघाले, याचा तक्ता प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. दलाल जगतो तो अज्ञानावर आणि विलंबावर. ही दोन्ही दूर झाली, तरच त्या कराराचे अनुसमर्थन मजुरापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.