घरगुती बीअरची डबाबंदी : दुहेरी शिवणीचे कार्य व कसोटी

बीअर तयार होणे आणि तयार झालेली बीअर टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. किण्वन पूर्ण झालेल्या बीअरला तीन शत्रू असतात : प्रकाश, हवेतील ऑक्सिजन आणि तिच्यातच विरघळलेल्या वायूचा दाब. तपकिरी काच प्रकाश बऱ्याच अंशी अडविते, पण पूर्णपणे नव्हे. बाटलीच्या बुचातील अस्तरातून ऑक्सिजनही कालांतराने अल्प प्रमाणात आत शिरतो. ॲल्युमिनियमचा डबा या पहिल्या दोन शत्रूंना जवळजवळ पूर्ण अटकाव करतो. मात्र त्याची सारी भिस्त झाकण व डबा यांच्या सांध्यावर असते. या सांध्यास दुहेरी शिवण म्हणतात. मेजावर मावणाऱ्या लहान यंत्राने ती कशी घातली जाते आणि ती खरोखर घट्ट बसली आहे हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातील अन्नाचे डबे डाख देऊन बंद करीत. झाकणाची कड व डब्याची कड एकमेकींत दुमडून, मध्ये रबरी लेप ठेवून, डाखावाचून सांधा घट्ट करण्याची पद्धत त्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाली. अमेरिकेतील मद्यबंदी १९३३ साली उठल्यावर बीअरलाही हा डबा लाभला. न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथील क्रूगर कंपनीची डबाबंद बीअर २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी प्रथम विक्रीस आली. पोलादी पत्र्याच्या संपर्काने बीअरची चव बिघडते, म्हणून डब्याला आतून अस्तर देणे भाग पडले. १९५९ साली कूर्स या कंपनीने ॲल्युमिनियमचा डबा बाजारात आणला. पुढे तळ व भिंत एकाच पत्र्यातून ओढून काढलेला डबा रूढ झाला. अशा डब्याला एकच शिवण लागते, आणि ती बीअर भरल्यानंतर घालावयाची असते.

घरगुती बीअर करण्यास अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने १९७८ साली अनुमती दिली. तरीही डबाबंदी हे दीर्घकाळ मोठ्या कारखान्यांचेच काम समजले जाई. २००२ साली कोलोरॅडो राज्यातील लायन्स गावच्या ऑस्कर ब्लूज या लहानशा बीअरगृहाने मेजावरील हातयंत्राने डबे भरण्यास आरंभ केला आणि ही समजूत ढळली. त्यानंतरच्या काळात घरगुती बीअर करणाऱ्यांसाठीही लहान सीमिंग यंत्रे निघाली.

यंत्राची रचना व क्रिया

या यंत्राचे मुख्य भाग चार : डबा उभा राहतो ती बैठक, झाकणाच्या खोलगट भागात वरून बसणारा चक, आणि दोन रूळ. बैठक वर उचलली की डबा व झाकण चकाशी दाबले जातात. चक फिरू लागला म्हणजे डबाही त्याबरोबर फिरतो, आणि रूळ बाजूने आळीपाळीने झाकणाच्या कडेवर येतात.

डब्याच्या तोंडाची कड बाहेर वळलेली असते. झाकणाची कड खाली व आत वळलेली असून तिच्या आतल्या अंगास लेप लावलेला असतो. पहिल्या रुळाची खाच खोल असते. तो झाकणाची कड डब्याच्या कडेखाली गुंडाळतो. त्यायोगे दोन आकडे तयार होतात, एक झाकणाचा व एक डब्याचा, आणि ते परस्परांत अडकतात. दुसऱ्या रुळाची खाच उथळ व सपाट असते. तो या सैल घडीस दाबून चपटी करतो. पूर्ण झालेल्या शिवणीत पत्र्याचे पाच थर असतात : तीन झाकणाचे व दोन डब्याचे. थरांमधील बारीक फटी लेपाने भरून निघतात. धातूची घडी बळ देते, लेप गळती रोखतो. यांपैकी एकावाचून दुसरे पुरेसे नाही.

बीअरच्या डब्यावर आज सर्वत्र आढळणारे झाकण व्यापारात '२०२' या अंकाने ओळखले जाते. पहिला आकडा इंचांचा आणि पुढील दोन इंचाच्या सोळाव्या भागांचे. म्हणजे व्यास सव्वादोन इंचांहून किंचित कमी, सुमारे ५४ मिलिमीटर. परंतु एकाच व्यासाच्या झाकणांतही खोलगट भागाचा आकार निरनिराळा असतो. चक त्या आकाराशी जुळला नाही तर यंत्र निर्दोष असूनही शिवण सदोष होते.

कसोटी

दुहेरी शिवणीचा मोठा अवगुण असा की, तिचे महत्त्वाचे भाग बाहेरून दिसत नाहीत. बाहेरून गुळगुळीत भासणाऱ्या शिवणीच्या आत दोन्ही आकडे एकमेकांना जेमतेम स्पर्श करीत असू शकतात. अशा डब्यातून पहिल्या दिवशी काहीच गळत नाही. तीन आठवड्यांनी बीअर निर्जीव झालेली आढळते.

यासाठी प्रथम बाहेरची मापे घ्यावी लागतात. या आकाराच्या शिवणीची जाडी साधारणतः १.१ ते १.२ मिलिमीटर आणि उंची सुमारे २.५ मिलिमीटर असते. नेमकी मर्यादा झाकण बनविणाऱ्याने दिलेल्या तक्त्यावरून घ्यावी. मायक्रोमीटरने परिघावर किमान तीन ठिकाणी मोजावे, कारण दोष एकाच बाजूस असू शकतो. त्यानंतर एक डबा कापून झाकणाचा आकडा सोडवून पाहावा. त्यावर सुरकुत्या असतील तर दुसरा रूळ सैल आहे. आकडा आखूड असेल तर पहिला रूळ पुरेसा आत येत नाही. डब्याचा आकडा आखूड असेल तर बैठकीचा दाब कमी पडतो, आणि फाजील लांब असेल तर तो जास्त होतो. दुसरा रूळ अति घट्ट केल्यास लेप पिळून बाहेर पडतो. म्हणून 'जितके घट्ट तितके उत्तम' हा समज येथे चुकीचा ठरतो. ही तपासणी यंत्र प्रथम जुळविताना, डब्यांची वा झाकणांची जात बदलताना आणि प्रत्येक भरणीच्या आरंभी करणे इष्ट होय.

ऑक्सिजनचा प्रश्न

शिवण उत्तम असली तरी आत कोंडलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, हे विसरता कामा नये. ३५५ मिलिलिटरच्या डब्यात वरच्या भागी केवळ १५ मिलिलिटर हवा राहिली, तर तीत सुमारे ३ मिलिलिटर, म्हणजे ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बीअरच्या मानाने हे प्रमाण दशलक्षात अकरा-बारा भाग पडते. चांगले कारखाने हेच प्रमाण दशलक्षात एक दशांश भागाखाली ठेवू पाहतात. जादा ऑक्सिजनमुळे होपचा सुगंध प्रथम लोपतो आणि मागाहून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

यावरील उपाय सोपा आहे. रिकाम्या डब्यातील हवा कार्बन डायऑक्साइडने हुसकावून द्यावी, थंड बीअर नळीने तळापासून भरावी, वर फेस येऊ द्यावा आणि झाकण त्या फेसावरच ठेवून लगेच शिवण घालावी. फेसाच्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड असल्याने हवेला जागाच उरत नाही. उतू जाणाऱ्या फेसाने थोडी बीअर वाया जाते. तो खर्च पत्करणे शहाणपणाचे.

दाबाचा प्रश्न

सर्वसाधारण बीअरच्या एका लिटरात सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बंद डब्यात त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा ४ अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण वातावरण, २० अंशांना पावणेदोन आणि ४० अंशांना साडेतीनहून अधिक वातावरण इतका जास्त असतो. बीअरचे डबे सामान्यतः सुमारे ६ वातावरणांचा दाब सोसतात, म्हणजे येथवर धोका नाही.

धोका उद्भवतो तो अपूर्ण किण्वनातून. साखरेचे किण्वन होताना तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. डबा बंद करताना प्रत्येक लिटरात किण्वनक्षम साखर ८ ग्रॅम उरली असेल आणि यीस्ट जिवंत असेल, तर आणखी ४ ग्रॅम वायू आतच कोंडला जातो. उन्हात राहिलेल्या अशा डब्यातील दाब सात वातावरणांपलीकडे जाऊ शकतो. मग तळ बाहेर फुगतो, झाकण वाकते, किंवा डबा स्फोट होऊन फाटतो. फळांचा रस घातलेल्या बीअरच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. तात्पर्य, विशिष्ट गुरुत्व अनेक दिवस स्थिर राहिल्याची खात्री झाल्यावाचून डबा बंद करू नये. शिवण जितकी निर्दोष, तितका वायू निसटण्याचा मार्ग कमी.

शिवण आणि सुरक्षितता

बीअर आम्लधर्मी असते. तिचा पीएच बहुधा ४.६ च्या खाली असल्यामुळे बोट्युलिझमचे जंतू तीत वाढत नाहीत. मद्यार्क व होप यांचेही साहाय्य होते. परंतु त्याच यंत्राने भाजी वा मांसाचा डबा बंद केला म्हणजे तो सुरक्षित झाला असे मानणे घातक होय. त्यांना दाबाखाली योग्य तापमानापर्यंत निर्जंतुक करावेच लागते. शिवण बाहेरचे जंतू अडविते, आतले मारीत नाही.

महाराष्ट्रात १९४९ च्या मूळ मुंबई दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे घरगुती बीअरचा प्रश्न येथे उद्भवत नाही. शिवणीचा मात्र उद्भवतो. कोकणातील हापूसचा रस ज्या पत्र्याच्या डब्यांत भरला जातो, त्यांची झाकणे याच दुहेरी शिवणीने बसतात. फरक इतकाच की, बीअरच्या डब्यात दाब आतून बाहेर असतो, तर उष्णतेने प्रक्रिया केलेला रसाचा डबा निवताना आत निर्वात होतो. म्हणून बीअरच्या सदोष शिवणीतून वायू बाहेर जातो, आणि रसाच्या सदोष शिवणीतून थंड करण्याचे पाणी जंतूंसह आत ओढले जाते. पहिल्या दोषाने चव जाते, दुसऱ्याने सारा माल नासतो. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच : प्रत्येक भरणीतील एक-दोन डबे हाताने कापून आकडे मोजणे. त्या एक-दोन डब्यांचे नुकसान उरलेल्या सर्वांच्या खात्रीचे मोल होय.