पहिला खंड कोमट लागला, तर?



मुलांनी मोठ्या उत्साहाने हातात ठेवलेले पुस्तक आपल्याला धड आवडले नाही आणि धड नावडलेही नाही, तर त्यांना काय सांगायचे? इथे वाढणाऱ्या मुलांच्या आईबाबांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आमच्या घरी तो टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मुळे आला. अकरा वर्षांच्या लेकीच्या आग्रहावरून आम्ही दोघांनी पहिला खंड, 'द फेलोशिप ऑफ द रिंग', वाचून काढला. आमचे मत एका शब्दात सांगायचे तर कोमट!

कारणे सांगतो. गोष्ट सुरू होण्याआधी हॉबिट लोकांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू, त्यांची वंशावळ. मग बिल्बोचा १११ वा वाढदिवस. अंगठी फ्रोडोकडे येते, पण तो घर सोडतो तब्बल १७ वर्षांनी. वाटेत टॉम बॉम्बाडिल भेटतो, गाणी म्हणतो, आणि कथानक जागच्या जागी थांबते. २००१ सालच्या सिनेमाने त्याला सरळ गाळले, यात नवल नाही. उलट मोरियाच्या खाणीतला अंधार मात्र आम्ही श्वास रोखून वाचला. अगदी थंड म्हणवत नाही ते यामुळेच.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. लेखकाच्या मनात हे एकच पुस्तक होते. युद्धानंतरच्या काळात कागद महाग, म्हणून प्रकाशकाने जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात ते तीन खंडांत काढले. म्हणजे पहिल्या खंडावर निकाल देणे हे तीन अंकी नाटक पहिल्या मध्यंतरात सोडून वडे खायला जाण्यासारखे आहे.

आणि आपल्या महाभारताचे काय? आदिपर्व उघडून पाहा. उत्तंकाची गोष्ट, आस्तिकाची गोष्ट, जनमेजयाचे सर्पसत्र. पांडव जन्माला येईपर्यंत धीर धरावा लागतो. तरी आपण त्याला कंटाळवाणे म्हणत नाही. का? कारण आपण महाभारत पहिल्या पानापासून वाचलेच नाही. आजीने भीम-बकासुरापासून सुरुवात केली, पुढचे आपण मागून गोळा केले. ऊब पुस्तकात होती तशी सांगणाऱ्याच्या आवाजातही होती. टॉल्किन आम्हांला कुणी असा सांगितला नव्हता. आणि आमच्या मुलांना आदिपर्व कोमट लागत असेल, तर त्यांचीही तीच अडचण आहे.

रसायनशास्त्रात 'आयोडिन क्लॉक' नावाचा एक प्रयोग आहे. दोन रंगहीन द्रावणे एकत्र केली की काही वेळ काहीच दिसत नाही, आणि मग क्षणात सगळे गडद निळे होते. रंग दिसत नव्हता तेव्हाही आत क्रिया चालूच होती. पण द्रावणात स्टार्चच नसेल, तर तो गडद निळा रंग कितीही थांबलात तरी येणार नाही. पुस्तकांचेही असेच. काहींना वेळ द्यावा लागतो, आणि काही आपल्यासाठी नसतात.

तेव्हा लेकीला आम्ही खोटे "फारच छान" म्हटले नाही. मुलांना ते लगेच कळते, आणि मग ती पुढचे पुस्तक दाखवायला येत नाहीत. काय आवडले, कुठे अडलो, ते सांगितले. ती थोडी हिरमुसली, मग तावातावाने बॉम्बाडिलची बाजू मांडू लागली. आता ठरले आहे असे : दुसरा खंड ती आम्हांला रविवारी स्वतःच्या शब्दांत, शक्यतो मराठीत सांगणार, बदल्यात आम्ही तिला बकासुरापासून महाभारत सांगणार. तिला मराठीत शब्द अडले की आम्ही पुरवतो. आम्हांला एल्फ लोकांची नावे अडली की ती पुरवते.

ज्यांना इंग्रजी ठोकळा जड वाटतो, त्यांच्यासाठी मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने काढला आहे. भारतातून येणाऱ्या कुणाच्या बॅगेत लोणच्याशेजारी जागा असेल तर जरूर मागवा.

आपल्या घरी कोणते पुस्तक कोमट लागले? मुलांचेही मत घेऊन पुढील अंकासाठी चार ओळी अवश्य पाठवा.