‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे आपल्या गावात पडणार का? आठवड्याचा अंदाज कसा वाचायचा

आजचा भाग हेडफोनशिवाय वाचायचा असेल, तर हे त्याचं शब्दांकन.

जूनमध्ये वैजापूरहून मामांचा फोन आला. "अरे, तुझ्या मोबाईलात शनिवारचं काय दाखवतंय? कापूस लावू का?" मी इथे संभाजीनगरात बसून अ‍ॅप उघडलं. ढगाचं चित्र, खाली ६० टक्के. म्हटलं, "लावा मामा." शनिवारी चार थेंब पडले, पुढे दहा दिवस ऊन. बियाणं वाया गेलं, दुबार लागवड करावी लागली. चूक माझ्या वाचण्यात होती. म्हणून आज हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट, ६० टक्के म्हणजे काय? अशी परिस्थिती दहा वेळा आली, तर साधारण सहा वेळा तिथे पाऊस पडतो. म्हणजे चार वेळा पडत नाही! आणि किती पडेल, हे तो आकडा सांगतच नाही. दोन मिलिमीटर पडला तरी अंदाज बरोबरच.

दुसरी गोष्ट, हवामान खात्याची भाषा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. आपला जिल्हा केवढा! एका टोकाला कन्नडचा डोंगर, दुसऱ्या टोकाला पैठणचं नाथसागर. त्यामुळे ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असं वाचलं, तर आपलं गाव कोरडं राहण्याचीच शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट, रंग. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच कृती करा. रंग धोक्याचा असतो, पेरणीचा नाही. विजा आणि वादळी वाऱ्यासाठीही यलो अलर्ट येतो. तो बघून ‘पाऊस आला’ म्हणू नका.

मग पेरायचं कधी? कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला असा, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावर. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता विचार करा, चार थेंबांत मुळाला काय मिळणार? म्हणजे निर्णय पुढच्या पावसाच्या आशेवर नाही, पडून गेलेल्या पावसावर घ्यायचा. अंदाज बघायचा तो पुढे मोठी उघडीप आहे का, एवढ्यासाठी.

अजून एक. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, मागच्या २४ तासांची. त्यामुळे काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेत दिसतो. गोंधळून जाऊ नका.

आता फोनवर काय बघायचं? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत येतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांवर जास्त भरवसा ठेवा, सातव्या दिवसाचं ढगाचं चित्र म्हणजे नुसता कल. आणि रानात जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ‘दामिनी’ अ‍ॅप हवंच. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

आता मामांचा फोन आला की मी आधी विचारतो, "मामा, आतापर्यंत किती मिलिमीटर झाला? वीतभर खणून बघा, ओल कुठवर गेलीय?" अ‍ॅप त्याच्या नंतर उघडतो.

तुमच्याही घरून असा फोन येत असेल. हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!