वाफेतील गुप्त उष्णता

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस कोकण किनाऱ्यावर येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून ती फळ धरीपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेव्हा बागाईतदारांची ही हानी एका हंगामाची नव्हती. वाऱ्याच्या अंगी एवढे बळ आले कोठून?

याचे उत्तर पाण्याच्या वाफेत आहे. चुलीवरचे पाणी उकळू लागले, की खाली कितीही जाळ घातला तरी त्याचे तपमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. मग त्या जाळाची उष्णता जाते कोठे? स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६२ च्या सुमारास याचा शोध घेतला. त्याने थोडेसे थंड पाणी पत्र्याच्या भांड्यात घालून तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. सुमारे ४ मिनिटांत ते उकळू लागले. परंतु सगळे आटून जाण्यास आणखी २० मिनिटे लागली. म्हणजे पाणी तापविण्यास जेवढी उष्णता लागली, तिच्या पाचपट उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडली, आणि तपमापकाला तिचा पत्ताही लागला नाही! या उष्णतेस गुप्त उष्णता म्हणतात.

ती नाहीशी मात्र होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले, की घेतलेली सारी उष्णता ती परत करते. भाताच्या पातेल्यावरील झाकण काढताना वाफेने हात एवढा पोळतो, तो यामुळेच.

समुद्राचे पाणी उकळत नाही, तरी त्याची वाफ सतत होत असते, व त्या वाफेबरोबर समुद्राची उष्णताही हवेत जाते. मे महिन्यात अरबी समुद्र चांगलाच तापलेला असतो. तेथील बाष्पयुक्त हवा वर चढते, थंड होते, आणि बाष्पाचे जलबिंदू होऊन ढग बनतात. त्या क्षणी गुप्त उष्णता मोकळी होते. भोवतालची हवा तिने तापते, हलकी होऊन आणखी वर जाते, आणि खाली समुद्रावरील हवेचा दाब उतरतो. ती उणीव भरून काढण्यासाठी चोहोंकडून वारे धावतात. येताना तेही समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, म्हणजे वादळाच्या चुलीत नवे सरपणच घालतात! पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने हे वारे सरळ न येता वळतात, व उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारा भोवरा तयार होतो. अर्थात समुद्र तापला की वादळ झालेच, असे नव्हे. वरच्या थरांतील वाऱ्यांचा वेग वा दिशा फार निराळी असली, तर हा भोवरा विस्कटून जातो.

जमिनीवर आलेल्या वादळाला सरपण मिळत नाही. खाली समुद्र नसल्याने बाष्प तुटते, आणि डोंगर, झाडे, घरे यांवर घासून वाऱ्याचा वेगही मंदावतो. ‘निसर्ग’ सह्याद्री ओलांडून आत शिरले, आणि ४ जूनला चक्रीवादळ म्हणण्याजोगेही ते उरले नव्हते.