रेशियोचे गणित आणि चौकोन

वर्षअखेर जवळ आली की सहावीच्या मुलांच्या घरी संध्याकाळी टेबलावर ताटांच्या आधी वह्या मांडल्या जातात. सी. पी. ई. जाऊन 2017 साली पी. एस. ए. सी. आली, परंतु रेशियोचा प्रश्न काही गेला नाही. रेशियो म्हणजे आपले गुणोत्तर.

गेल्या सुट्टीत माझी नात अशाच एका प्रश्नावर अडली. ताई व भाऊ यांच्याजवळील पैशांचे गुणोत्तर 3 : 5 आहे. भावाजवळ ताईपेक्षा 24 रुपये जास्त आहेत. तर दोघांचे मिळून किती? नातीने 3 आणि 5 मिळवून 8 केले, 24 ला 8 ने भागले आणि ताईला 9 व भावाला 15 रुपये देऊन ती मोकळी झाली. भागाकार बिनचूक, पण गणित चूक. माझ्या मुलाने आवाज चढवला, पोरीचे डोळे भरून आले. पाढे तर तिला तोंडपाठ होते! प्रश्न इंग्रजीत, घरचे बोलणे क्रेओलमध्ये, आणि 24 हा आकडा बेरजेचा की फरकाचा हे एका लहानशा शब्दात दडलेले. अडचण तिथे होती.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटले, "आकडेमोड राहू दे. चौकोन काढ, सगळे सारखे."

ताई : ☐☐☐
भाऊ : ☐☐☐☐☐

"आता भावाचे जास्तीचे पैसे कुठे आहेत, तिथे बोट ठेव." तिने शेवटच्या दोन चौकोनांवर बोट ठेवले आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे दोनच चौकोनांत 24!" एका चौकोनात 12, चौकोन आठ, म्हणून 96 रुपये. मला पुढे काही सांगावे लागले नाही.

ही युक्ती माझी नव्हे. आपल्यासारख्याच एका बेटावर, सिंगापूरला, 1980 नंतरच्या काही वर्षांत डॉ. खो टेक होंग यांच्या गटाने ती प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत आणली. तिथल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा एक आणि गणिताची भाषा इंग्रजी, हे आपल्याला ओळखीचे वाटेल. 1995 च्या आंतरराष्ट्रीय गणित चाचणीत सिंगापूरची चौथीची आणि आठवीची, दोन्ही मुले पहिली आली. त्याचे सगळे श्रेय चौकोनांना देणे बरोबर होणार नाही. शिक्षकांची मेहनतही त्यात आहे.

आपले जुने त्रैराशिक काही कमी नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'तही ते आहे. परंतु कशाला कशाने भागायचे हे आधी कळले, तरच ते उपयोगी. चौकोन नेमके तेच दाखवतात.

आता थोडा अवघड नमुना घेऊ. दोन भावांच्या टोपल्यांतील लिचींचे गुणोत्तर 5 : 2. थोरल्याने धाकट्याला 12 लिची दिल्या, तेव्हा दोघांच्या सारख्या झाल्या. आधी कोणाजवळ किती होत्या? चौकोन सात, सारखे वाटले तर प्रत्येकाला साडेतीन. इथे मुले घाबरतात. घाबरू नये, प्रत्येक चौकोन मधोमध कापावा. आता थोरल्याचे दहा, धाकट्याचे चार, आणि सारखे झाल्यावर सात-सात. तीन तुकडे इकडून तिकडे गेले, म्हणजे तीन तुकड्यांत 12 आणि एका तुकड्यात 4. थोरल्याजवळ 40, धाकट्याजवळ 16. पडताळून पाहा: 28 आणि 28.

काही पालक म्हणतात, हा चित्रांचा खेळ कॉलेजात काय कामाचा? अहो, पुढे बीजगणितात 'एक्स' भेटतो, तो हाच चौकोन! ज्याने चौकोन काढला आहे त्याला एक्स परका वाटत नाही. मात्र पालकांनी चौकोन स्वतः काढून देऊ नयेत. पेन्सिल मुलाच्या हाती असावी, आपण फक्त विचारावे: जास्त कुठे, सारखे कुठे, न बदलणारे काय? हे तर इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही विचारता येते.

आज रात्री एक करून पाहा. आई व मुलीच्या वयांचे गुणोत्तर आज 4 : 1 आहे, 18 वर्षांनी ते 2 : 1 होईल. दोघींच्या वयांतला फरक कधी बदलत नाही, तेवढे तीन चौकोन आधी काढा. उत्तर 36 आणि 9 आले पाहिजे.